परकीय भाषेची शिकवणी : दार कोण उघडणार?

केज तालुक्यातील युसूफ वडगाव या गावाच्या नावातच दोन भाषा नांदतात. 'युसूफ' हे अरबीतून आलेले नाव आणि 'वडगाव' हे अस्सल मराठी. निजामी राजवटीत १९४८ पर्यंत या भागाचा राज्यकारभार उर्दूतून चालत असे. कोर्टाची भाषा उर्दू, महसुलाची भाषा उर्दू आणि १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दू. गावातला सर्वसामान्य माणूस मात्र मराठी बोलणारा. त्यामुळे ज्याला उर्दू वाचता येई त्याच्या हाती गावाची जमीन, गावाचा कागद आणि गावाचा न्याय. ज्याला वाचता येत नसे तो अंगठा उठवून मोकळा. आजही आमच्याकडे जमिनीच्या एखाद्या दाव्यात निजामकाळातला कागद पुढे येतो, तेव्हा तो वाचून घेण्यासाठी एखाद्या वयोवृद्ध जाणकाराचे घर शोधावे लागते. आजोबांनी कशावर अंगठा दिला होता, हे नातवाला पाऊणशे वर्षांनी कळते. ज्याची भाषा आपल्याला येत नाही, त्याच्या कागदावर आपला फक्त अंगठा असतो. मराठवाड्यातील आमच्या समाजाने हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की आज पुन्हा परक्या भाषेचा कागद आमच्या मुलामुलींच्या पुढे आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. परिचारिका, वीजतंत्री, नळ कारागीर, वाहनचालक अशा निरनिराळ्या कामांसाठी दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठविण्याची ती योजना होती आणि जर्मन भाषेचे प्रशिक्षण शासन देईल असे जाहीर झाले होते. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये भारत सरकारने जपानशी कुशल कामगारांबाबत असाच करार केला होता. या घोषणांनंतर तालुक्याच्या गावीही 'जर्मन शिका, जर्मनीला जा' अशा पाट्या झळकू लागल्या. शासनाची योजना कुठवर पोहोचली, किती मुले गेली, हा हिशेब शासनाने जाहीर मांडला पाहिजे. पण आज आम्हाला त्याहून मूळचा प्रश्न विचारायचा आहे. परकी भाषा शिकायची म्हणजे कोणाजवळ शिकायची? आणि तो शिकविणारा आमच्या मुलाला शिष्य म्हणून निवडणार आहे काय?

भाषा कोण कोणाला देतो?

भाषा ही वस्तू पुस्तकातून अर्धीच मिळते. उरलेली अर्धी माणसाकडून घ्यावी लागते. उच्चार कसा करायचा, कोणाशी कसे बोलायचे, कोणता शब्द कुठे शोभत नाही, हे समोर बसलेला माणूस सांगतो. म्हणूनच एक शिक्षक आणि एक विद्यार्थी अशी शिकवणी ही भाषा शिकण्याची जुनी आणि जगभर चालत आलेली पद्धत आहे. परंतु या पद्धतीत एक मेख आहे. शाळेच्या दारात कायद्याने प्रवेश मागता येतो. एकट्याला शिकविणारा गुरू मात्र आपला शिष्य आपण निवडतो. त्याने 'नाही' म्हटले की दार बंद.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थीजीवनात ही दोन्ही दारे दिसतात. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचे होते. शिक्षकाने अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकविण्यास नकार दिला आणि त्यांना नाइलाजाने फारशी घ्यावी लागली. यातला उपरोध पाहा. या देशातली भाषा या देशातल्याच मुलाला नाकारली गेली आणि इराणातून आलेल्या भाषेने त्याला जवळ केले. ती भाषा घेऊनच बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले.

दुसरे दार घरात होते. सुभेदार रामजी आंबेडकर हे लष्करातील शाळेत शिक्षक होते. परळच्या चाळीतील एका खोलीत त्यांनी आपल्या मुलाकडून इंग्रजी घोटून घेतले. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी भीमरावांकडून पाठ करवून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे ते विचारीत आणि चुकीचा शब्द चालवून घेत नसत. पुढे ज्या इंग्रजीने जगातल्या विद्वानांशी वाद घातला, त्या इंग्रजीचा पाया एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेल्या अशा शिकवणीत आहे. आणि ही शिकवणी मराठीतून इंग्रजीकडे जाणारी होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी अर्थशास्त्र व इतिहासाच्या डोंगराएवढ्या अभ्यासक्रमांबरोबर प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक अभ्यासक्रम केला. १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी त्यांनी पत्रव्यवहार केला तो जर्मन भाषेत, स्वतःच्या हाताने लिहून. प्राथमिक वर्गापासून स्वतःच्या हस्ताक्षरातल्या अर्जापर्यंतची वाट किती कष्टाची असेल, हे परकी भाषा शिकण्याचा प्रयत्न केलेला कोणीही सांगेल.

त्याच काळातले आणखी एक उदाहरण पाहा. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिलोनला गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी बसून ते पाली शिकले. एक परदेशी तरुण, अनोळखी लिपी, अनोळखी अन्न. पण विहाराच्या दारात कोणी कुळ विचारले नाही. शिकण्याची इच्छा एवढीच पात्रता होती. पुढे याच कोसंबींकडून हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स पाली शिकले आणि त्या ओळखीतून कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले. १९०२ साली कोलंबोच्या विहारात परक्या मुलखातल्या माणसाला दार उघडते आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांत मुंबईच्या शाळेत इथल्याच मुलाला दार लागते. दोन्ही ठिकाणी प्रश्न भाषेचाच होता. फरक होता तो शिकविणाऱ्याच्या मनाचा.

महात्मा जोतीराव फुले यांनी सावित्रीमाईंना घरीच शिकविले, हेही याच मालिकेतले आहे. ती शिकवणी झाली नसती तर पुण्यातली मुलींची शाळा कोणी चालविली असती? जोतीरावांचे स्वतःचे इंग्रजी शिक्षण मध्येच थांबले होते. शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन परधर्मीयांनी गोविंदरावांना समजावले म्हणून ते १८४१ साली मिशनच्या शाळेत पुन्हा सुरू झाले. आपल्या चळवळीच्या इतिहासात अशा 'दार उघडणाऱ्या' माणसांची नोंद पानोपानी आहे.

आता पहारेकरी बदलला आहे

आज परदेशी भाषेचा शिक्षक कोणाला जात विचारून शिकवणी नाकारत नाही. तो फी विचारतो. आणि फी हा शब्द ऊसतोड मजुराच्या घरात काय करतो ते हिशेबाने पाहू.

जर्मन भाषेच्या परीक्षा ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा सहा पायऱ्यांच्या असतात. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळविण्यासाठी साधारणपणे बी-२ म्हणजे चौथी पायरी गाठावी लागते. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपण ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतो त्या संस्थेच्या अंदाजाने बी-२ पर्यंत पोहोचण्यास पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. कमीत कमी ६०० धरल्या तरी ते ४५० तास झाले. आता रोजगार हमीची मजुरी पाहा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ती दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. अनुभवी शिक्षक एकट्याला शिकविण्यासाठी तासाला एवढे पैसे सहज मागतो, अनेकदा याहून अधिक मागतो. तासाला एक दिवसाची मजुरी धरली तरी ४५० तासांचे १ लाख ४० हजार ४०० रुपये होतात. बीड जिल्ह्यातील जे जोडपे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या फडात जाते आणि उचल फेडण्यातच हंगाम संपवते, त्याने हे पैसे कोठून आणायचे?

म्हणून मग मुले वर्गाकडे वळतात. आमच्या परिचयाच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. तिचे नाव देत नाही. युसूफ वडगावच्या वस्तीतील ही मुलगी. आईवडील ऊसतोड मजूर. तिने जी.एन.एम. नर्सिंग पूर्ण केले आणि एका खासगी क्लासमध्ये जर्मनसाठी नाव घातले. एका बॅचला साठ मुले. सहा महिन्यांत तीन शिक्षक बदलले. तासभराच्या वर्गात साठ मुले असली की प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला एक मिनिट येते, आणि तेही शिक्षक अजिबात बोलला नाही तर! या मुलीच्या वाट्याला आठवड्याला एखादे वाक्य येत असे. घोकलेली वाक्ये तिला घडाघडा म्हणता येत होती. वहीत शब्दांच्या याद्या होत्या. परीक्षेच्या तोंडी भागात मात्र ती अडली.

पुढे आमच्या समाजातील एक अभियंता, जे नोकरीनिमित्त काही वर्षे जर्मनीत राहून आता पुण्यात स्थायिक आहेत, त्यांना आम्ही गळ घातली. ते दर रविवारी तासभर तिला फोनवर शिकवू लागले. एक पैसा घेतला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तिला जर्मनमध्ये एवढेच विचारले, "ताई, काल दिवसभर काय केलंत?" तिला उत्तर देता येईना. पाठ केलेल्या वाक्यांत 'काल' कुठेच नव्हता. ते म्हणाले, "मग आधी मराठीत सांगा." ती म्हणाली, "सर, काल आईसंगं बाजारला गेले व्हते." त्या एका वाक्यावर त्यांनी तासभर घालविला. गेले होते, आले होते, आणले होते, खाल्ले होते. त्या एका तासात जर्मनचा भूतकाळ तिच्या जिभेवर बसला. साठ जणांच्या वर्गात हे होऊ शकले नसते, कारण तिथे ती कुठे अडते हे कोणाला ठाऊकच नव्हते. आता ती ए-२ उत्तीर्ण झाली असून बी-१ ची तयारी करीत आहे. वाट अजून लांब आहे. पण ती अडली तर कोणाला विचारायचे, हे आता तिला ठाऊक आहे.

इंग्रजीचा फेरा कशासाठी?

या शिकवणीतून आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आमच्या मुलांच्या मनात एक समजूत पक्की बसविली गेली आहे, की आधी इंग्रजी पक्के पाहिजे, मगच दुसरी परदेशी भाषा. क्लासमध्येही जर्मन शिकविले जाते ते इंग्रजीतून. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाने आधी एक परकी भाषा ओलांडायची आणि मग दुसरीपाशी जायचे. कशासाठी हा वळसा?

त्या अभियंत्यांनी आम्हाला जे दाखवून दिले ते सर्वांना सांगण्यासारखे आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नाही. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. 'देअर, दी, दास' म्हणजे आपले 'तो, ती, ते'. अर्थात कोणत्या वस्तूला कोणते लिंग हे वेगळे पाठ करावे लागते. आपला सूर्य 'तो', त्यांचा सूर्य 'ती'. त्यांच्याकडे मुलीला नपुंसकलिंगी शब्द आहे याचे इंग्रजी शिकलेल्याला हसू येते, पण आपणही 'ते पोरगं', 'ते लेकरू' म्हणतोच की! इंग्रजीत चोवीस म्हणताना आधी वीस आणि मग चार म्हणतात. जर्मन माणूस 'चार आणि वीस' म्हणतो, आपल्या 'चोवीस'सारखे एकक आधी. 'कारण मी आजारी आहे' या वाक्यात आपण 'आहे' शेवटी ठेवतो. जर्मनमध्येही 'कारण'ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटीच जाते. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच सर्वनाम. जर्मनमध्ये जवळच्याला 'दू' आणि परक्याला 'झी', म्हणजे आपले 'तू' आणि 'आपण'. विभक्तीचे नाव काढताच इंग्रजी माध्यमाचा मुलगा घाबरतो. मराठी व्याकरणात आठ विभक्त्या शिकलेल्या मुलाने जर्मनच्या चार विभक्त्यांना का घाबरावे?

जपानीचेही तसेच. वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि नामाच्या मागे प्रत्यय. 'टोकियोला जातो' हे वाक्य जपानीत 'तोक्यो नि इकिमासु' असे, शब्दाला शब्द लावून म्हणता येते. 'नि' म्हणजे आपला 'ला'. इंग्रजीतून सांगायला गेले तर हे सगळे उलटे करून सांगावे लागते.

याचा अर्थ इंग्रजी सोडा असा कोणी काढू नये. इंग्रजीचे महत्त्व फुले-आंबेडकरी चळवळीला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याचे इंग्रजी कच्चे आहे त्याला जर्मनच्या दारातून परत पाठवू नका. सुभेदार रामजींनी भाषांतर पाठमाला वापरली ती मराठीवरून. मराठीतून समजावणारा शिक्षक मिळाला, तर खेड्यातला मुलगा ज्या ठिकाणी लंगडतो असे वाटते त्याच ठिकाणी तो पुढे असतो.

पैसा थोडा, तास मोजके : मग करायचे कसे?

४५० तास एकट्याला शिकविणारा शिक्षक आमच्या मुलांना परवडणार नाही, हे खरे. पण सगळेच तास शिक्षकाने द्यावे लागतात काय? नाही. शब्द पाठ करणे, ऐकणे, लिहून काढणे ही कामे एकट्याने होतात. जर्मन नभोवाणी डॉइचे वेलेचे जर्मन शिकण्याचे पाठ मोबाईलवर फुकट मिळतात. शिक्षक हवा तो दोनच गोष्टींसाठी, बोलून घेण्यासाठी आणि चूक दाखविण्यासाठी.

आता हिशेब असा मांडा. आठवड्याला एक तास शिक्षकाबरोबर, म्हणजे दोन वर्षांत १०४ तास. रोज अर्धा तास स्वतः, म्हणजे दोन वर्षांत ३६५ तास. दोन्ही मिळून ४६९. गोएथे संस्थेची किमान मर्यादा यात पार पडते. कोणाला याहून जास्त लागेल, त्याने रोजचा अर्धा तास पाऊण तास करावा. परंतु खंड पडता कामा नये. महिनाभर बंद ठेवलेली भाषा दोन महिने मागे जाते.

आणि तो आठवड्याचा एक तास वाया जाऊ नये यासाठी काही पथ्ये आहेत. तासापूर्वी मुलाने पाच-सहा वाक्ये स्वतः लिहून ठेवावीत, चुकीची असली तरी चालतील. तासात निम्म्याहून जास्त वेळ मुलाने बोलावे. शिक्षकच बोलत राहिला तर ती शिकवणी राहत नाही, ते भाषण होते. शिक्षकाने दाखविलेल्या चुका एका वेगळ्या वहीत लिहाव्यात आणि पुढच्या तासाची सुरुवात त्या वहीने करावी. व्याकरणाचा नियम आधी मराठीत समजून घ्यावा, त्यात लाज नाही. ही पथ्ये पाळली तर शंभर तास पुरेसे काम करतात.

फसवणुकीपासून सावध

वकिलीच्या व्यवसायात या विषयाचे दुसरे टोकही आमच्यासमोर येते, म्हणून चार गोष्टी पालकांना स्पष्ट सांगतो.

पहिली, वर्षाची फी एकरकमी भरू नका. महिन्याची भरा आणि पावती घ्या. क्लासने कबूल केलेले शिकविले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. खासगी शिकवणी वर्गांना फी परत करण्याचे आदेश ग्राहक आयोगांनी दिलेले आहेत. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगाचे शुल्क लागत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते.

दुसरी, भाषेचे प्रमाणपत्र 'काढून देतो' म्हणणाऱ्याच्या वाऱ्याला उभे राहू नका. वाचणे, ऐकणे, लिहिणे, बोलणे अशा चार भागांची परीक्षा अधिकृत केंद्रावर स्वतः बसून द्यावी लागते. खोटे प्रमाणपत्र म्हणजे व्हिसा नाकारला जाणे आणि वर फौजदारी गुन्हा.

तिसरी, परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील परवाना असला पाहिजे. तो आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेवर पाहता येते. अशा परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. लाख-दोन लाख मागणारा एजंट कायदा मोडतो आहे, एवढे ओळखून घ्या.

चौथी, मूळ गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. आणि ज्या भाषेतला करार तुम्हाला वाचता येत नाही, त्यावर सही करू नका. आजोबांचा अंगठा आठवा.

शासनाचे काम, समाजाचे काम

शासनाने काय करावे? केरळ राज्याकडे पाहावे. केरळच्या नोर्का या शासकीय संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार यंत्रणेशी करार केला आणि त्या योजनेत परिचारिकांना बी-१ पर्यंतचे जर्मन मोफत शिकविण्याची सोय झाली. महाराष्ट्रानेही आपल्या करारातील भाषाप्रशिक्षण तालुक्यापर्यंत नेले पाहिजे. मराठीतून जर्मन व जपानी शिकविणारे सोपे पुस्तक शासनाने काढले पाहिजे. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांत आठवड्यातून दोनदा भाषाशिक्षक आला पाहिजे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना मिळते. पण जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिकवणी शुल्कच नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. अर्थात राहण्या-खाण्याचा खर्च आहे, तो थोडा नाही. तरीही ज्याला जर्मन येते त्याच्यासाठी लंडन-अमेरिकेच्या फीपुढे हा मार्ग कितीतरी मोकळा आहे. ७५ जागांच्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्या मुलांना हे सांगणार कोण?

शासनाकडे मागणी करणे हा आपला हक्क आहे आणि ती आम्ही करीत राहू. पण समाजातील सुशिक्षितांना आमचा थेट सवाल आहे. पुणे, मुंबई, बंगळुरू, फ्रँकफर्ट, टोकियो येथे आज आमचे अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना एक तरी परकी भाषा येते. आरक्षणाने, शिष्यवृत्तीने, चळवळीने त्यांना तिथवर पोहोचविले. धम्मदान म्हणून ते जयंतीला वर्गणी देतात, त्याचे मोल आहेच. पण आठवड्यातला एक तास एका मुलाला देणे हे दान त्याहून मोठे आहे, कारण ते पैशाने विकत घेता येत नाही. एका माणसाने एका मुलाचा दोन वर्षे हात धरावा. शंभर माणसे निघाली तर शंभर मुले. त्यासाठी इमारत नको, देणगी नको, अध्यक्षपदाची भांडणे नकोत.

बुद्धविहारांनी याची सुरुवात करावी. विहारात एक वही ठेवा. एका बाजूला शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींची नावे, दुसऱ्या बाजूला शिकवू इच्छिणाऱ्यांची. जोड्या लावा. ज्या घरात मुलीला फोनवर बोलायला निवांत कोपरा नाही, तिच्यासाठी रविवारी सकाळी विहाराचा एक कोपरा तासभर मोकळा ठेवा. मुलगी शिकत असेल तर तिच्या आईला शेजारी बसू द्या, म्हणजे घरच्यांची शंका राहणार नाही. दर तीन महिन्यांनी कोण कुठवर आले याचा आढावा विहारातच घ्या. आणि जो मुलगा बी-१ पार करील, त्याने ए-१ च्या एका मुलाला शिकविलेच पाहिजे, अशी अट घाला. दिलेली भाषा कमी होत नाही, शिकविणाऱ्याच्या डोक्यात ती अधिक पक्की होते.

एकेकाळी एका शिक्षकाने एका मुलाला भाषा नाकारली, ही जखम आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो. आज तो शिक्षकाचा अधिकार आपल्यापैकी हजारो लोकांच्या हाती आला आहे. युसूफ वडगावची मुलगी, केजचा मुलगा, फडावरून परत आलेले एखादे पोरगे उद्या फोन करून विचारील, "सर, मला शिकवाल का?" त्याला 'वेळ नाही' असे उत्तर मिळाले, तर दार बंद करणाऱ्यांच्या रांगेत आपणही जाऊन उभे राहिलो असे होईल. समाजबांधवांनो, आपल्याला येणारी भाषा आणि आपला मोकळा वार कोणता, हे या रविवारी जवळच्या विहारात जाऊन वहीत लिहा. वही नसेल तर आपणच घेऊन जा.

जयभीम!